दोन कळश्या

आमच्या मालकीणबाईंना मी जितक्या शिव्या घातल्या तितक्या माझ्या सासूलाही घातल्या नसतील. अर्थात मनातल्या मनात. तोंडावर बोलायची आमच्या चाळीत कोणाची छाती नव्हती. भाईंदरजवळच्या मुर्ध्याला पाच खोल्यांची ती बैठी चाळ, तिच्या मागे मालकीणबाईंचं कौलारू घर, घरामागे विहीर. विहिरीपलीकडे भाताची खाचरं, खाचरं संपली की मिठागरं आणि मग खाडी. आजूबाजूच्या चार विहिरी मचूळ. गोड्या पाण्याची एवढी एकच, आणि तिच्यावर ही बाई धनावरच्या नागासारखी बसलेली. बोलताना मी त्यांना अहो-जाहो करत असे, पण मनात ती कायम 'ती'च होती. आधी रागाने आणि नंतर मायेने. इथेही मी तिला तीच म्हणणार आहे.

मी रत्नागिरीकडची. आमच्या वाडीत डोंगरातून पाट यायचा. अंगणातून, परसातून, गोठ्यापाशी पाणी आपलं आपण वाहायचं आणि वाहून कुठे जातं ते बघायला कोणी जात नसे. लग्न होऊन मी मुर्ध्याला आले ती चौसष्ट-पासष्टच्या सुमारास. नवरा भाईंदरला एका कारखान्यात फिटर होता, त्याने ही खोली आधीच घेऊन ठेवली होती. पहिल्या सकाळी मी माहेरच्या सवयीने बादलीला दोर बांधला आणि दिली विहिरीत सोडून. धप्पकन आवाज झाला. तो विरतो न विरतो तोच मागून दुसरा आवाज आला.

"कोन गो तू?"

वळून बघते तर गुडघ्यापर्यंत काष्टा मारलेली, सुक्या बोंबलासारखी एक बाई. साठीच्या आतबाहेरची असेल. तिने माझ्या हातातून दोर काढून घेतला, बादली वर ओढून कठड्यावर ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "गोडं पानी वर निजलेलं असतं. खारं खाली जागं असतं. धपकन बादली टाकलीस की खारं उठून वर येतं. मग त्याला परत निजवायला तुज्या बापाला बोलवू?"

नव्या नवरीचा बाप काढणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. मी खोलीत येऊन रडले. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, पाण्याचं सोडून बाकी तिच्यात काही वाईट नाही. आता घरमालकिणीत पाण्याचं सोडून बाकी राहतं काय, हे त्याला कोण समजावणार?

तिचे नियम कुठे लिहिलेले नव्हते. ती स्वतःच चालतेबोलते नियम होती. विहिरीवर कप्पी नव्हती, ती तिने काढून टाकली होती. कप्पी असली की हात सैल सुटतो, असं तिचं म्हणणं. बादली चालायची नाही, फक्त कळशी. दोर एका खांबाला बांधलेला आणि त्याला मोजून एक गाठ मारलेली, म्हणजे कळशी पाण्याच्या वरच्या हातभर थरातच भरणार, खाली जाणारच नाही. उन्हाळा चढेल तशी ती गाठ स्वतःच्या हाताने थोडी थोडी पुढे सरकवायची आणि सरकवताना चेहरा असा करायची की जणू पोटच्या पोरीची पाठवणी चालली आहे. माणशी आंघोळीला दोन कळश्या. धुण्याला वेगळं, पण कपडे शेवटी विसळलेलं पाणी फेकायचं नाही, त्यानेच फरशी पुसायची आणि फरशीचं पाणी अंगणात शिंपडायचं. भांडी आधी राखेने आणि काथ्याने कोरडी घासायची, मग तीन घमेल्यांतून एकामागून एक काढायची. मी माहेरी भांडं वाहत्या पाण्याखाली धरून घासत असे. तसं इथे केलं असतं तर मला तिने घमेल्यासकट खाडीत बुडवलं असतं.

भाडेकरूंना ती नावाने हाक मारायचीच नाही. मी 'रत्नागिरी'. शेजारच्या खोलीतली बाई 'महाड'. चौथ्या खोलीत एक मास्तर एकटे राहत, त्यांना ती नुसतं 'शाळा' म्हणायची. कोणाला राग आला तरी तिला फरक पडत नसे. गावं लक्षात राहतात, नावं काय कोणीही ठेवतं, असं ती म्हणे.

पाहुण्याला ती अर्धा पेलाच पाणी द्यायची. अर्धा म्हणजे मोजून अर्धा. एकदा गावचे कोणी बडे गृहस्थ तिच्याकडे आले होते, धोतर-टोपीवाले. त्यांनी पेल्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, हे काय, पाणी संपलं की काय घरात? ती म्हणाली, आधी एवढं प्या, तहान उरली तर अजून देते, तुम्ही अर्धं टाकून जाणार आणि मी ते कोणाला पाजू? गृहस्थांनी तो अर्धा पेला पिऊन वर आणखी अर्धा मागून घेतला. दीड महिना गावात त्याची चर्चा होती.

सगळ्यात वाईट म्हणजे ती आमची गटारं वाचायची. पाचही खोल्यांच्या मोऱ्यांची तोंडं चाळीच्या मागच्या बाजूला निघत. सकाळी कामं आवरली की ती तिथे पाट टाकून बसे, तंबाखू मळत. कोणाच्या मोरीतून किती पाणी येतं, साबणाचं येतं की स्वच्छ येतं, यावरून ती घराघरातलं सांगायची. स्वच्छ पाणी आलं की खोलीच्या मागच्या भिंतीवर काठी आपटायची. 'महाड'च्या घरी नवरा-बायकोचं भांडण झालं की ती बाई रागाने पाणी जास्त ओतते, हेसुद्धा तिला त्या गटारावरूनच कळलं होतं, आणि तिने ते चारचौघीत सांगितलंही होतं.

त्या गटारांचंही तिने सोनं केलं होतं, हे मात्र खरं. प्रत्येक मोरीपासून तिने हाताने छोटा पाट खणलेला. तो जाऊन मिळे केळीच्या आणि अळवाच्या वाफ्याला. तिच्या न्हाणीच्या दगडापासून निघणारा पाट थेट सगळ्यात मोठ्या केळीच्या बुंध्याशी जाई. लिंबाच्या मुळाशी मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं, त्यात ती दोन दिवसांनी एकदा पाणी ओतायची आणि झाड ते हवं तसं झिरपून घ्यायचं. माडांच्या आळ्यात नारळाची सोडणं पालथी घालून वर पेंढा पसरलेला. झाडांना पाणी उन्हं कलल्यावरच. सकाळी घातलेलं पाणी सूर्य पितो आणि संध्याकाळी घातलेलं झाड पितं, हे ती मला वर्षातून शंभरदा सांगे. तांदळाच्या धुवणावर तिचा कढीपत्ता माझ्या खांद्याएवढा वाढला होता. आमच्याकडून ते धुवण ती तांब्यात गोळा करून न्यायची, देवाचा प्रसाद मागितल्यासारखी.

मला तेव्हा हे सगळं कंजूषपणाचं वाटे. चुकून कोणी कौतुक केलं तर माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

माझं आणि तिचं खरं वाजलं ते सासूबाईंवरून. त्या एका चैत्रात आमच्याकडे राहायला आल्या. गावी त्या बंबातलं कढत पाणी अंगावर ओतून ओतून आंघोळ करत. इथे दोन दिवस त्यांनी कसंबसं भागवलं. तिसऱ्या दिवशी मी माझ्या वाट्याच्या कळश्याही त्यांना दिल्या. आंघोळ चालली होती आणि मोरीच्या भिंतीवर काठी आपटली. त्या थांबल्या नाहीत. मग बाहेरून आवाज आला, "गो म्हातारे, अंग धुतेस का सोलतेस?"

सासूबाई त्याच दिवशी बोचकं बांधून निघाल्या. सुनेच्या घरी पाण्याला महाग झाले, असं त्यांनी गावी जाऊन सगळ्यांना सांगितलं. माझ्या माहेरपर्यंत ते पोचलं. त्या दिवशी मी ठरवलं की या बाईची खोड मोडल्याशिवाय राहायचं नाही.

संधी आपण होऊन चालत आली. मालकीणबाईंना मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच वारला होता. एक पुतण्या होता, विहिरीत त्याचा अर्धा हिस्सा. जवळच हाटकेश गावाकडे कोणाचं तरी कारखान्याचं बांधकाम निघालं होतं आणि त्याला पाणी हवं होतं. पुतण्याच्या डोक्यात आलं की विहिरीवर इंजिन बसवावं, लॉरीवरून पिंपं भरून पाणी पोचवावं. काकी ऐकणार नाही हे त्याला माहीत होतं. म्हणून तो आमच्याकडे आला. म्हणाला, तुम्ही भाडेकरूंनी गावच्या पंचांना अर्ज द्या, की पाण्याचे हाल होतात. इंजिन बसलं की प्रत्येक खोलीच्या दारात नळ देतो.

दारात नळ! चाळीत अर्ज लिहिण्याजोगं शिकलेले दोघंच, मास्तर आणि मी. मास्तरांनी डोकेदुखीचं निमित्त केलं. मी सातवी पास. मी दोन पानं भरून अर्ज लिहिला, त्यात माणुसकी, आरोग्य, वृद्धांचे हाल असे सगळे शब्द घातले आणि खाली पहिली सही ठोकली.

देवळात पंच बसले. पुतण्याने माझा अर्ज वाचून दाखवला. मी बायकांत उभी होते आणि मला, खरं सांगते, अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं होतं. पंचांनी तिला विचारलं, तुझं काय म्हणणं? तिने एकवार माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "मी एकटी, तुम्ही सगले. लावा इंजन. फकत अमावस्येचं उधान येऊ दे खाडीला. मग पानी पिऊन बघा." आणि उठून गेली.

इंजिन बसलं. दिवसभर त्याची फटफट चाले, लॉऱ्या येत-जात. दारात नळही आला. पहिल्या दिवशी मी शिकेकाई लावून न्हाले, चार बादल्या पाणी घेतलं, मोरीतून पाणी धो धो जाऊ दिलं आणि कान मागच्या भिंतीकडे ठेवले. काठी आपटली नाही. खोलीपुढे मी अबोलीची रोपं लावली आणि भर दुपारी, ती बघत असताना, त्यांना बदाबदा पाणी घातलं. ती दारात बसून बघत होती. काही बोलली नाही. त्यामुळे जी मजा यायला हवी होती ती आली नाही, पण मी ते मान्य केलं नाही.

अमावस्या येऊन गेली. नंतर दोन-तीन दिवसांनी माझं वरण शिजेना. तासभर झाला, दोन तास झाले, डाळ टणक ती टणक. नवरा जेवायला बसला तेव्हा मी भाताबरोबर ताक वाढलं आणि वरणाचा कंटाळा आला म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं, वाण्याने जुनी डाळ गळ्यात मारली. आमच्याकडे असंच असतं, आपल्या पायाखालचं सोडून जगात सगळीकडे खोट दिसते. मी उरलेली डाळ पिशवीत घातली आणि तरातरा भाईंदरला त्याच्या दुकानात गेले.

"ये कैसा दाल दिया तुमने?" मी म्हटलं. "दो घंटा हुआ, पत्थर का पत्थर."

वाणी गुजराती, शांत माणूस. त्याने पिशवीत बोट घालून डाळ पाहिली. "बेन, दाल बराबर है," तो म्हणाला. "तुम्हारे मुर्धा से आज चौथी बाई आई वापस करने. पानी चाखा क्या?"

मी तिथून घरी कशी आले ते मला आठवत नाही. नळ सोडला, ओंजळीत पाणी घेतलं आणि प्रथमच जिभेवर घोळवून पाहिलं. पाणी रोज थोडं थोडं बदलत गेलं होतं आणि रोज थोडं थोडं आमच्या जिभांनी ते सोसलं होतं. त्यात मीठ होतं. साबणाला फेस का येत नव्हता, अबोलीची पानं कडेने का जळत होती, हे सगळं मला एकदम कळलं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. पावसाला अजून दोन महिने होते.

कारखानेवाल्यानेही पाणी नको म्हणून कळवलं. पुतण्या इंजिन उचलून घेऊन गेला, त्यानंतर वर्षभर तो काकीच्या दारात फिरकला नाही.

तिने त्याच दिवशी विहिरीवरचा दोर सोडवून घेतला आणि विहिरीवर माडाचे झाप घातले. आम्ही सगळ्या बायका घमेली-कळश्या घेऊन उभ्या. हिला निजू दे, म्हणाली, कोणी हात लावायचा न्हाय. मला वाटलं होतं, ती आता आम्हाला फाडून खाईल. मी पुढे झाले, कारण अर्जावर पहिली सही माझी होती. म्हटलं, माझी चूक झाली, मला माफ करा.

"माफीनं वरन शिजतं का गो?" ती म्हणाली. "घागर घे. राईला जायचंय."

राई मैलभर लांब. तिथल्या एका विहिरीवर आम्हाला सकाळी एकेक खेप भरू द्यायचे. 'मुर्ध्याच्या इंजनवाल्या आल्या' असं तिथल्या बायका ऐकू येईल इतक्या हळू म्हणायच्या. त्या उन्हाळ्यात मैलभर वाहून आणलेल्या पाण्याने मी आंघोळ करत होते आणि दोन कळश्या मला चैन वाटत होती. एका कळशीत अंग कसं धुवायचं ते मी तेव्हा शिकले. आधी ओल्या फडक्याने अंग पुसायचं, मग तांब्यातांब्याने वरून खाली. ती साठीची बाई डोक्यावर दोन घागरी घेऊन माझ्या पुढे चालायची आणि पाणी एक थेंब हिंदकळत नसे.

एक दिवस बांधावर टेकलो असताना तिने मला चिंचेपलीकडची एक बुजलेली विहीर दाखवली. म्हणाली, ती आमची जुनी बाव, हिच्यापेक्षा गोड होती. विहिरीला ती बाव म्हणे. मी विचारलं, मग काय झालं? तिने तंबाखूची चिमूट तोंडात टाकली.

"माज्या लग्नाची जेवनावल झाली. चार गावं जेवली. दोन दिवस रातध्याड पानी काढलं. तिसऱ्या दिवशी खारी झाली ती झालीच. सासू मरंपर्यंत मला पांढऱ्या पायाची बोलली." मग घागरी उचलता उचलता म्हणाली, "माज्या पायानं न्हाय गेली. बादल्यांनी गेली. पन आयकतंय कोन?"

 सतरा वर्षांची नवरी, हातांची हळद उतरायच्या आत जिच्या नावावर एक विहीर चढली. नागीण म्हणून मी जिला शिव्या घालत होते ती बाई मला त्या बांधावर पहिल्यांदा दिसली.

पाऊस आला तेव्हा आम्ही दोघी कुदळी घेऊन खणत होतो. चाळीच्या कौलांचं पाणी पन्हळीतून एका खड्ड्यात आणायचं, खड्ड्यात गोटे आणि वाळू, तिथून ते जमिनीत मुरून विहिरीकडे जाणार. सरळ विहिरीत सोडायचं नाही, गढूळ होतं. माझ्या हातांना फोड आले. तिने पाहिले आणि म्हणाली, अर्ज लिवताना आलं नव्हतं काय गो?

विहीर तुडुंब भरली तरी तिने झाप काढले नाहीत. आठवड्यातून एकदा ती एक तांब्या अलगद सोडायची, घोट घ्यायची, तोंडात घोळवायची आणि थुंकायची. अजून न्हाय. आम्ही वैतागलो. तांब्यातलं उरलेलं आम्ही चाखायचो, आम्हाला ते केव्हाच गोड लागत होतं. श्रावण गेला, गणपती गेले, नवरात्र गेलं. कोजागिरीच्या दिवशी दुपारी खाडीला पुनवेचं उधाण आलं, भरतीचं पाणी मिठागरांच्या बांधाला लागलं, तेव्हा तिने तांब्या सोडला. उधाणात गोड लागलं तरच खरं गोड, असा तिचा हिशेब. घोट घेतला, डोळे मिटले. सगळी चाळ गोळा झालेली. आणि तिने तो घोट गिळला.

मला रडू फुटलं. ती म्हणाली, रडू नको, ते पन खारंच हाय.

पुढची आठ-नऊ वर्षं मी त्या विहिरीवर तिच्या हाताखाली राहिले. गाठ सरकवायचं काम माझ्याकडे आलं. पुतण्या हळूहळू पुन्हा येऊ-जाऊ लागला. मग आमच्या बाजूला इमारती उठायला लागल्या आणि एक कंत्राटदार पाण्यासाठी चकरा मारू लागला. हिंदी बोलायचा, गोड बोलायचा. ती दारात बसून राही आणि मला हाक मारी. मीच त्याला सांगायची, "पानी नहीं मिलेगा." तो म्हणायचा, मालकीण को पूछो. मी म्हणायची, "मालकीण ने मेरे को ही रखा है ना बोलने के लिए." गटारापाशी तिच्या बसायच्या पाटाशेजारी आता माझाही पाट असे, आणि नवीन आलेल्या भाडेकरणी मला मनात काय शिव्या देत असतील ते मला नेमकं माहीत होतं.

ती गेली एका चैत्रात, दोन दिवसांच्या तापात. सकाळी गेली. दुपारपर्यंत राई, मोरवा, उत्तन, कुठून कुठून माणसं आली. अंगण भरलं, खाचरांपर्यंत माणसं उभी. एवढं गोत तिला होतं हे मला माहीत नव्हतं. आलेल्यांना पाणी हवं, चूळ भरायला, पाय धुवायला. कोणीतरी दोन मोठ्या बादल्या आणि नवा लांब दोर घेऊन विहिरीकडे निघालं. शेवटच्या आंघोळीसाठी. आलेल्यांतली एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, अख्ख्या जल्मात पोटभर आंघोळ नाही केली बिचारीने, आता तरी घाला.

 मलाही वाटलं, घालावी. घागरीमागून घागर, डोक्यावरून पायावर, मनसोक्त. कोणाचा हक्क असेल तर तिचाच होता. मग मी त्या गर्दीकडे पाहिलं. चार गावं आली होती. आणि अमावस्या दोन दिवसांवर होती.

मी विहिरीवर जाऊन कठड्याला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, आंघोळीला दोन कळश्या मिळतील. बादली विहिरीत पडणार नाही. पाय धुवायला खाडीवर जा.

सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. मयताच्या पाण्यात हात आखडणारी बाई त्यांनी कधी पाहिली नसेल. कोणी म्हणालं, लाज न्हाय हिला. कोणी माझी जात काढली. पुतण्या पुढे आला. आता तोही पन्नाशीला टेकलेला.

"तू कोन गो?" तो म्हणाला. "भाडेकरीन ना? माजी काकी हाय ती. सर बाजूला."

"भाडेकरीणच आहे," मी म्हटलं.  "हिच्या लग्नात तुमची एक बाव गेली आणि जन्मभर तिने त्याचं बोलणं खाल्लं. मरणात दुसरी गेली असं कोणाला म्हणू देणार नाही. मला उचलून विहिरीत टाका आणि मग काढा पाणी."

 मग कठड्यावरून वाकून त्याने खाली पाण्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. त्याच्या मनात काय आलं ते मी विचारलं नाही, पण इंजिनाची फटफट मला तरी त्या क्षणी ऐकू येत होती. त्याने त्या माणसाच्या हातातली बादली घेतली आणि खाली ठेवली. खांबाचा दोर, गाठ मारलेला, कळशीला बांधला. आणि हळूहळू, कळशी काठाला न लागू देता, खाली सोडली. पाण्याला ती टेकली तेव्हा आवाज झाला नाही.

त्याने दोन कळश्या काढून माझ्या हातात दिल्या.

आम्ही बायकांनी तिला न्हाणीच्या दगडापाशी फळीवर ठेवलं. मी तिला तिच्याच रीतीने न्हाऊ घातलं. आधी ओल्या फडक्याने पुसून, मग तांब्यातांब्याने वरून खाली. पाणी फळीवरून दगडावर आलं आणि तिने खणलेल्या पाटाला लागून केळीकडे गेलं. ते अडवायला कोणी पुढे आलं नाही. आंघोळ झाली तेव्हा दुसऱ्या कळशीत अर्धं पाणी उरलं होतं. ते मी लिंबाच्या मडक्यात नेऊन ओतलं.